गरिबीशिवायही गोष्ट असते

दहावी-बारावीचा निकाल लागला की वर्तमानपत्रांत एक ठरलेलं पान येतं. आई धुणीभांडी करते, वडील रिक्षा चालवतात, घरात वीज नाही आणि मुलीला 92 टक्के. त्या मुलीचं यश खरं असतं, कौतुकही रास्तच. पण वर्षानुवर्षं ही पानं वाचून बाकीच्या घरांनी एक गैरसमज करून घेतला आहे, की सांगण्याजोगी गोष्ट म्हणजे हालअपेष्टांचीच. मग डोंबिवलीतल्या दोन खोल्या-हॉलच्या फ्लॅटमध्ये वाढलेलं, स्कूटीवरून क्लासला गेलेलं पोर मुलाखतीत ‘स्वतःबद्दल सांगा’ या पहिल्याच प्रश्नाला अडतं. माझ्या आयुष्यात तसं काही घडलंच नाही, असं त्याला मनापासून वाटतं. त्याच्या आईवडिलांनाही.

हा प्रश्न आता टाळता येत नाही. 1997 साली ‘फास्ट कंपनी’ या अमेरिकी मासिकात टॉम पीटर्स यांनी लेख लिहून सांगितलं, की प्रत्येक नोकरदाराने स्वतःकडे एक ब्रँड म्हणून पाहावं. तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली असतील. आपल्याकडे तर स्वतःची टिमकी वाजवणं असभ्यच समजलं जातं. पण आज अमेरिकेतल्या पदवी प्रवेशासाठीच्या ‘कॉमन अ‍ॅप’मध्ये विद्यार्थ्याला 650 शब्दांपर्यंतचा निबंध स्वतःवर लिहावा लागतो, लिंक्डइनवर ओळख लिहावी लागते आणि यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेत एकूण 2025 गुणांपैकी 275 गुण मुलाखतीला असतात.

शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर यांची भाषणं ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना भिंगाची गोष्ट ठाऊक असते. गिरगावातल्या शाळेत भावे सरांनी मुलांना उन्हात नेलं, बहिर्गोल भिंगातून सूर्यकिरण कागदावर एकवटले, कागद पेटला. आपली शक्तीही अशी एकवटली तर काहीही जाळता येईल, असं सरांनी त्यांना सांगितलं. माशेलकरांकडे दारिद्र्याच्या गोष्टी कमी नव्हत्या. बाराव्या वर्षापर्यंत पायात चप्पल नव्हती, पुढे दरमहा 60 रुपयांच्या टाटा शिष्यवृत्तीवर शिक्षण झालं. हे सगळं ते सांगतातच. पण लोकांच्या लक्षात भिंग राहतं, कारण त्यातून त्यांच्या पुढच्या कामाचा अर्थ लागतो. शास्त्रज्ञ का झाले, हे त्यातून कळतं. विखुरलेल्या प्रयोगशाळांना एका दिशेने नेणारा नेता म्हणून सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेत त्यांनी काय केलं, तेही त्याच प्रतिमेत बसतं. हळदीच्या अमेरिकी पेटंटविरुद्धची लढाई सीएसआयआरने त्यांच्याच काळात, 1997 मध्ये जिंकली. ती मागे नसती, तर भिंगाची गोष्ट शाळेच्या स्नेहसंमेलनापुरती उरली असती.

पालकांनी जास्त लक्ष द्यावं असं उदाहरण रणजितसिंह डिसले यांचं आहे. अभियांत्रिकीचं जमलं नाही, वडिलांनी शिक्षक होण्याचा सल्ला दिला. आपल्याकडे अशी सुरुवात लपवली जाते. 2009 मध्ये ते सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत आले. तिथल्या मुलांची घरची भाषा कन्नड होती, पुस्तकं मात्र त्या भाषेत नव्हती. डिसले स्वतः कन्नड शिकले, पुस्तकांचं भाषांतर केलं आणि त्यांत क्यूआर कोड घातले, म्हणजे मोबाइलवर धडा ऐकता-पाहता यावा. 2020 मध्ये दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाल्यावर त्यांनी निम्मी रक्कम बाकीच्या नऊ अंतिम स्पर्धकांत वाटायचं जाहीर केलं. या हकिकतीत उपासमार नाही की रस्त्यावरच्या दिव्याखालचा अभ्यास नाही. एक अडचण दिसली, कुणी सांगितलं नसताना ती अंगावर घेतली आणि पुढे काय झालं ते मोजता येण्यासारखं होतं, एवढंच आहे. मुलाखत घेणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं.

सुखवस्तू घरातल्या मुलांकडेही हे असतं, फक्त लहान मापाचं. समजा, एखाद्या मुलाने कॉलेजच्या गॅदरिंगचा हिशेब सांभाळला, 1800 रुपयांचा मेळ लागेना, तेव्हा पावत्या लावून चूक शोधली आणि पुढच्या वर्षासाठी साधी एक्सेल शीट करून ठेवली. वाणिज्य शाखेच्या मुलासाठी ही हकिकत ‘मी मेहनती आणि प्रामाणिक आहे’ या वाक्यापेक्षा कितीतरी दमदार आहे. त्याला ती आठवत नाही, कारण घरात तिला कुणी महत्त्व दिलेलं नसतं.

यूपीएससीच्या सविस्तर अर्जात छंदांचा रकाना असतो आणि मुलाखत बरीचशी त्या अर्जावरच फिरते. ‘वाचन’ लिहिणाऱ्याला शेवटचं पुस्तक कोणतं, हे विचारलं जाणारच. ‘ट्रेकिंग’ लिहिलं तर राजगडाचे दरवाजे सांगायची तयारी हवी. सैन्यदलाच्या एसएसबी निवडीतला प्रकार तर आणखी मजेशीर आहे. तिथे मानसशास्त्रीय चाचणीत उमेदवाराला आईवडील, शिक्षक आणि मित्र आपल्याबद्दल काय म्हणतात, ते लिहावं लागतं. घरात कधी मोकळं बोलणंच झालं नसेल, तर त्या कागदावर घोटलेली विशेषणं उतरतात. बाकीच्या चाचण्यांत मुलगा वेगळाच दिसला, की ती विशेषणं कामी येत नाहीत.

परदेशी प्रवेशासाठी निबंध लिहून देणारी दुकानं शहराशहरांत आहेत. त्यांतल्या बऱ्याच निबंधांत आजोबांच्या आजारपणातून वैद्यकीय संशोधनाची प्रेरणा मिळते. आजोबा खरोखर आजारी होते की नाही, हा प्रश्न वेगळाच. बनवलेली गोष्ट दुसऱ्या-तिसऱ्या उपप्रश्नाला उसवते, आणि एकदा उसवली की खऱ्या गुणपत्रिकेकडेही संशयाने पाहिलं जातं.

खरी गोष्टही सरसकट आपल्या मालकीची नसते. वडिलांचं कर्ज, बहिणीचं मोडलेलं लग्न, आईचं नैराश्य यांनी लिंक्डइनची पोस्ट गाजते, पण ती माणसं त्याच गल्लीत राहत असतात. त्यांना विचारूनच लिहावं आणि त्यांनी नको म्हटलं तर विषय सोडून द्यावा. तब्येतीच्या किंवा घरातल्या दुःखाच्या गोष्टी उमेदीच्या काळात जाहीर केल्या, तर दहा वर्षांनी त्या खोडता येतीलच असं नाही. विशीतल्या मुलाला हे सुचत नाही. पालकांनी अडवायचं असेल तर इथे अडवावं.

बाकी ठिकाणी पालकांचं काम आठवण करून देण्याचं. रविवारी जेवणानंतर मुलाने दोन मिनिटांत एक प्रसंग सांगावा, शक्यतो काका-मावशीसारख्या त्या क्षेत्रातल्या नसलेल्या माणसासमोर. ऐकणाऱ्याने कौतुक करू नये, फक्त विचारावं: मग तू काय केलंस? त्यातलं तुझं किती आणि इतरांचं किती? उत्तर ‘सरांनी सांगितलं म्हणून’ असं आलं, तर तो प्रसंग बाजूला ठेवून दुसरा काढावा. असे चार-पाच प्रसंग जमले की एका वहीत तारीख, आकडे आणि सोबत कोण होतं, एवढं टिपून ठेवावं. पाठांतर करू नये. कॅम्पस मुलाखतीत, शिष्यवृत्तीच्या अर्जात किंवा बँकेच्या मुलाखतीत त्यांतला कोणता उपयोगी पडेल, ते समोरच्या प्रश्नावर ठरतं.