बाळाचे पहिले बूट : मऊ तळच का?



बाळ धरून-धरून चालायला लागलं की घरात बुटांचा विषय निघतो. दुकानात पी-पी वाजणारे, जाड तळाचे बूट डोळ्यात भरतात. "एक नंबर मोठाच द्या, पुढच्या वर्षीही होईल," असं आपणच सांगतो. चूक इथेच होते. मोठ्या बुटात पाय सरकतो, बाळ अडखळतं. घट्ट बूट तर त्याहून वाईट. या वयात पायाची बरीच हाडं अजून कूर्चेचीच असतात आणि "बूट दाबतोय" हे बाळाला सांगता येत नाही.

घरात अनवाणीच चालू द्या. तळव्याला जमीन कळते, तोल सुधारतो. पण आपल्या बुलढाणा जिल्ह्यात बाहेर बाभळीचे काटे, उन्हाळ्यात तापलेला रस्ता. शिवाय घाणीच्या ओल्या मातीतून अंकुशकृमी अनवाणी तळव्यातून शरीरात शिरतात. म्हणून बाहेर बूट हवेतच.

माप असे घ्या :
१. बाळाला कागदावर उभं करून दोन्ही पायांची टाच व सर्वांत लांब बोट यांवर खूण करा.
२. मोठ्या पायाच्या मापात 1 सेंटीमीटर वाढवून पट्टी कापा. ती बुटात सपाट बसली पाहिजे.
३. बूट बोटांच्या जागी सहज वाकावा, पुढून रुंद असावा, टाच निसटू नये.
४. काढल्यावर पायावर लाल वळ दिसले, तर तो बूट नको.

दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. पुढच्या पालकसभेत ही कागदाची पट्टी करून दाखवा; खर्च काहीच नाही!