त्वरा आणि घाई

महाभारतात अर्जुनाच्या विद्यार्थिदशेतील एक कथा आहे. एका रात्री तो जेवत असता वाऱ्याने दिवा विझला. सर्वत्र अंधार झाला. तरीही त्याचा घास नेमका मुखातच जात होता. हे सवयीमुळे घडते, हे अर्जुनाने ओळखले आणि त्या रात्रीपासून त्याने काळोखात धनुर्विद्येचा अभ्यास आरंभिला.

मुलांनो, असा अभ्यास करणारे नेमबाज आजही आहेत. त्यांच्या हाती धनुष्याऐवजी छऱ्यांची बंदूक असते, आणि त्यांचे लक्ष्य आकाशात उडत असते. हे लक्ष्य म्हणजे डांबरी पदार्थ व चुनखडीची पूड यांची बनविलेली, ११ सेंटिमीटर व्यासाची, बशीच्या आकाराची ठिसूळ तबकडी होय.

'ट्रॅप' या प्रकारात नेमबाजासमोर १५ मीटर अंतरावर एक खंदक असतो. त्यात तबकड्या फेकणारी यंत्रे दडविलेली असतात. नेमबाज बंदुकीचा दस्ता खांद्याशी टेकवून पुकारा करतो आणि तत्क्षणी तबकडी सुटते. तिचा वेग ताशी सुमारे १०० किलोमीटर असतो. ती डावीकडे जाईल की उजवीकडे, हे त्याला आधी ठाऊक नसते. 'डबल ट्रॅप' या प्रकारात तर दोन तबकड्या एकाच वेळी सुटतात आणि प्रत्येकीसाठी एकच बार मिळतो. सारा खेळ एक-दीड सेकंदात आटोपतो.

एका काडतुसात शिशाचे अदमासे ३०० बारीक छर्रे असतात. मग नेम लागण्यात अवघड ते काय, असे तुम्हांस वाटेल. पण थोडे गणित करून पाहा. समजा, एक तबकडी सेकंदाला २० मीटर वेगाने आडवी चालली आहे. छर्रे तिच्यापर्यंत पोहोचण्यास सेकंदाचा केवळ विसावा भाग लागला, तरी तेवढ्या अवधीत ती १ मीटर पुढे निघून जाते! तेव्हा जेथे तबकडी दिसते तेथे नव्हे, तर जेथे ती पोहोचणार असते तेथे बार गेला पाहिजे. त्यासाठी नळी तबकडीच्या वाटेने फिरती ठेवावी लागते. चाप ओढताना ती क्षणभर थांबली, तर छर्रे मागे पडतात. तबकडी फुटली की नाही हे पाहण्यासाठी दस्त्यावरचा गाल अधीरपणे उचलला, तर बार वरून निघून जातो.

या चुका बहुधा घाईतून होतात. म्हणूनच शहाणा शिक्षक नवशिक्याला प्रथम वेग शिकवीत नाही. तो आधी सुरक्षितता शिकवितो. बंदूक रिकामी असली तरी ती भरलेलीच आहे असे मानावे. तिचे तोंड कोणाही माणसाकडे वळू देऊ नये. आपली पाळी येईपर्यंत ती मध्यातून उघडून धरावी, म्हणजे नळ्यांत काडतूस नाही हे सर्वांना दिसते. मग रिकामी बंदूक सावकाश उचलून खांद्याशी नेण्याचा अभ्यास सुरू होतो. दस्ता प्रत्येक वेळी त्याच जागी टेकला पाहिजे, गाल त्याच जागी विसावला पाहिजे. हे शेकडो वेळा केल्यावर निरर्थक हालचाली आपोआप गळून जातात. जे उरते, तीच त्वरा! त्यानंतर एकाच दिशेने जाणारी तबकडी, मग निरनिराळ्या दिशांच्या तबकड्या आणि शेवटी जोडी, अशा पायऱ्यांनी विद्यार्थी वर चढतो.

या साधनेचे मोल एका प्रसंगावरून कळेल. १७ ऑगस्ट २००४ रोजी अथेन्स येथील ऑलिंपिक स्पर्धेत भारतीय लष्करातील मेजर राज्यवर्धनसिंह राठोड डबल ट्रॅपसाठी उभे राहिले. प्राथमिक फेरीत त्यांनी १५० पैकी १३५ तबकड्या फोडल्या आणि अंतिम फेरीत ५० पैकी ४४. एकूण गुण झाले १७९. तिसऱ्या आलेल्या चिनी नेमबाजाचे गुण होते १७८! एका तबकडीच्या अंतराने राठोड यांना रौप्यपदक मिळाले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, म्हणजे कांस्यपदक, जिंकले होते. त्यानंतर ५२ वर्षांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक रौप्यपदक लाभले. डबल ट्रॅप हा प्रकार २०१६ नंतर ऑलिंपिकमधून वगळण्यात आला; पण त्या दिवसाची शिकवण जुनी झालेली नाही.

ते पदक नेमक्या कोणत्या तबकडीने मिळवून दिले? पहिल्या, मधल्या की शेवटच्या? १७९ पैकी कोणतीही एक निसटली असती, तरी दुसरे स्थान निर्विवाद राहिले नसते. म्हणून कोणतीही तबकडी लहान नव्हती. आणि हेही विसरू नका की, २०० पैकी २१ तबकड्या त्यांच्याही हातून सुटल्या. जोडीतील पहिली चुकली म्हणून हळहळत बसले, तर दुसरीही जाते. ती तर तोवर आकाशात उडत असते!

परीक्षेत पहिले गणित अडले, की पुढची सोपी गणितेही घाबरून चुकविणारे अनेक विद्यार्थी मी पाहिले आहेत. त्यांना बुद्धीची उणीव नव्हती; उणीव होती ती सावकाश केलेल्या सरावाची. घाई ऐन वेळी येते आणि काम बिघडवते. त्वरा मात्र फार आधी, कोणी पाहत नसताना, संथपणे कमवावी लागते.

स्वाध्याय

१. अर्जुनाने काळोखात धनुर्विद्येचा अभ्यास का आरंभिला?
२. तबकडी दिसते तेथेच बार केल्यास तो का चुकतो?
३. 'कोणतीही तबकडी लहान नव्हती' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. 'त्वरा' आणि 'घाई' यांतील भेद तुमच्या अनुभवातील एका उदाहरणाने आठ-दहा ओळींत लिहा.