सिस्टर रोज पोटाची चौकशी का करतात?

प्रश्न : माझ्या धाकट्या दिरांना स्किझोफ्रेनिया आहे. गेल्या महिन्यात मनोरुग्णालयात त्यांना क्लोझापिनच्या गोळ्या सुरू झाल्या. तिथल्या सिस्टर दर आठवड्याला रक्त घेतात, रोज ‘पोट साफ झालं का?’ म्हणून विचारतात आणि भेटायला गेलं की मला ते किती बिड्या ओढायचे ते विचारतात. आजार मनाचा, मग या चौकश्या कशासाठी?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, सिस्टर अगदी नेमकं तेच विचारताहेत.

आधी रक्ताचं. क्लोझापिन सहसा पहिल्या फटक्यात देत नाहीत. दोन वेगळी औषधं पुरेशा डोसात, पुरेसे आठवडे देऊनही भास आणि संशय हटले नाहीत, की डॉक्टर त्याच्याकडे वळतात. याचं कारण जुनं आहे. 1975 मध्ये फिनलंडमध्ये हे औषध घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तातल्या संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या आणि त्यातले काही दगावले. अनेक ठिकाणी औषध मागे घेतलं गेलं. पुढे 1988 मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांपैकी 30 टक्के क्लोझापिनवर सहा आठवड्यांत सुधारले होते, तर जुन्या क्लोरप्रोमाझिनवर जेमतेम 4 टक्के. मग रक्ततपासणीच्या अटीवर औषध परत आलं. पेशी अशा घटण्याचा धोका शंभरात एकाहूनही कमी, पण बहुतेक वेळा तो पहिल्या चारपाच महिन्यांतच उद्भवतो. म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला सुई. घसा दुखला, ताप आला तर ‘हवा बदललीय’ म्हणून सोडून न देता सिस्टर लगेच डॉक्टरांना कळवतात, तेही याचसाठी. पहिल्या महिन्यात तापासोबत नाडी जलद झाली, धाप लागली किंवा छातीत दुखलं तर हृदयाच्या स्नायूला सूज आल्याची शंका घ्यावी लागते.

आता पोट. रक्ताची भीती सगळ्यांच्या डोक्यात पक्की बसलेली असते, पोटाकडे मात्र घरच्यांचं लक्ष जात नाही. (खरं सांगायचं तर काही डॉक्टरांचंही.) क्लोझापिन आतड्यांना पोचणारे मज्जातंतूंचे संदेश अडवतं, त्यामुळे आतडी मंदावतात. थोडंफार बद्धकोष्ठ पुष्कळांना होतं. काहींमध्ये ते इतकं वाढतं, की आतडं पूर्ण अडतं, फाटतं आणि माणूस जातो. 2020 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याबद्दलचा इशारा मुद्दाम अधिक कडक केला.

यात मोठी अडचण अशी, की रुग्ण बऱ्याचदा तक्रारच करत नाही. गुंगी असते, आजाराने बोलणं आटलेलं असतं, दुखणंही काहींना कमी जाणवतं आणि वॉर्डात चारचौघांत संडासाबद्दल बोलायचा संकोच असतो तो वेगळाच. ‘बरं आहे ना?’ विचारलं तर उत्तर ठरलेलं : ‘हो.’ म्हणून जाणती सिस्टर तसं विचारतच नाही. ‘आज गेला होतास का? कधी? कडक होती?’ असं विचारते, तक्त्यात मांडते, पोट फुगलंय का ते हात लावून बघते, ताटात किती उरलं यावर नजर टाकते. दोन दिवस तक्त्यात शून्य दिसलं, की डॉक्टरांपर्यंत निरोप जातो. मशीन नाही, खर्च नाही, पण यावर जीव वाचतो. मनोरुग्णालयातल्या सिस्टरांचं काम म्हणजे गोळ्या वाटणं आणि दाराला कडी लावणं, असं समजणाऱ्यांनी एकदा हा तक्ता पाहावा.

घरी आल्यावर हा तक्ता तुम्हाला ठेवावा लागेल. आपल्याकडे पोट धरलं की पहिला हात इसबगोलकडे जातो. इथे तो आवरा. इसबगोल पाणी शोषून फुगतो आणि मंदावलेल्या आतड्यात तो गोळाच अडकायची भीती असते. कोणतं रेचक द्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा. पोट फुगून दुखतंय, उलट्या होताहेत, वाराही सरत नाही, असं असेल तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

बिडीचं कोडं सोपं आहे. धुरातल्या काही घटकांमुळे यकृत क्लोझापिन लवकर संपवतं. वॉर्डात बिडी बंद झाली, की तोच डोस अंगावर येऊ लागतो : गुंगी, लाळ, क्वचित झटकेसुद्धा. रक्तातली पातळी दीडपटीहून अधिक वाढू शकते. उलट घरी येऊन पुन्हा बिडी सुरू केली, तर औषध अपुरं पडतं आणि आजार डोकं वर काढतो. हे सगळं धुरामुळे होतं, निकोटीनमुळे नव्हे, त्यामुळे तंबाखू मळून खाणाऱ्याला हे गणित लागू नाही. (म्हणून ती खावी असं मुळीच नाही.) बिडी सोडायची तर जरूर सोडावी, पण आधी डॉक्टरांना सांगून.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगतो. गोळ्या संपल्या, गावाला गेले, राहून गेलं, असं होऊन 48 तासांहून जास्त खंड पडला, तर आधीचा पूर्ण डोस परस्पर पुन्हा सुरू करू नका. रक्तदाब एकदम कोसळू शकतो. अगदी थोड्या डोसापासून, बहुधा 12.5 मिलिग्रॅमपासून, परत चढावं लागतं आणि ते डॉक्टरच ठरवतात. वॉर्डाचा फोन नंबर आत्ताच मागून घ्या.