विटांची टिकाऊ फरसबंदी

पावसाळा सुरू झाला की गावातील गल्ल्या चिखलाने भरून जातात. हा त्रास टळावा म्हणून अनेक ठिकाणी ग्रामनिधी व श्रमदान यांच्या साहाय्याने विटांची फरसबंदी केली जाते. परंतु एकदोन पावसाळ्यांतच ती खचते, विटा सुटतात आणि दोष विटांना दिला जातो. वस्तुतः बहुतेक वेळा दोष विटांखालील पायात व पाण्याच्या निचऱ्यात असतो.

गुजरातमधील लोथल येथे १९५५ साली सुरू झालेल्या उत्खननात भाजक्या विटांच्या नहाण्या व त्यांना जोडलेली गटारे आढळली. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांनीही फरशी आणि निचरा यांचा विचार एकत्रच केला होता.

पाया : साधारण जमिनीत ३० सेंमी खोदकाम करावे. त्यात १८ सेंमी दाबलेला मुरूम, ३ सेंमी वाळू व ९ सेंमी विटेचा थर बसतो. मुरूम एकदम न टाकता पातळ थरांनी पसरावा आणि प्रत्येक थर पाणी शिंपडून धुम्मसाने ठोकावा. माळव्यातील किंवा बेळगावच्या पूर्वभागातील काळी जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तेथे आणखी किमान १५ सेंमी माती काढून मुरुमाची जाडी वाढवावी. पायातील खळगे वाळूने कधीही भरू नयेत. तेथेच फरसबंदी प्रथम खचते.

विटांची निवड : वीट पक्की भाजलेली, सरळ कडांची व ठोकल्यास खणखणीत वाजणारी असावी. कोरडी वीट वजन करून २४ तास पाण्यात ठेवावी व पुन्हा तोलावी. ३ किलोग्रॅमची वीट ३.६ किलोग्रॅमपेक्षा जड झाल्यास, म्हणजे पाण्याचे शोषण २० टक्क्यांहून अधिक असल्यास, ती घेऊ नये. हा प्रयोग शिक्षकांनी शाळेत विद्यार्थ्यांकडून अवश्य करवून घ्यावा.

मांडणी व उतार : प्रथम दोन्ही कडांना उभ्या विटांची ओळ मुरुमात घट्ट रोवावी. या कडेअभावी वाळू बाहेर सरकते व मधले सांधे उघडे पडतात. मधल्या विटा छापाची खाच बाजूला येईल अशा रीतीने कडेवर बसवाव्यात. ओळी रस्त्याला आडव्या घेऊन सांधे एकासमोर एक येऊ देऊ नयेत. बैलगाड्यांची वर्दळ असल्यास माशाच्या काट्यासारखी तिरकस मांडणी अधिक चांगली. मध्यापासून दोन्ही बाजूंस दर मीटरला २ सेंमी उतार ठेवावा व तो दोरी आणि पाणसळ लावून तपासावा. शेवटी कोरडी बारीक वाळू सांध्यांत झाडूने भरावी, फळी ठेवून वरून ठोकावे व पुन्हा वाळू भरावी. उताराचे पाणी गटारात पोचते की नाही, हे घागरभर पाणी ओतून पाहावे.

विटांचा अंदाज : १९ × ९ × ९ सेंमी मापाच्या विटा दर चौरस मीटरला सुमारे ५५ लागतात. ५० मीटर लांब व ३ मीटर रुंद गल्लीस ८,२५० आणि दोन्ही कडांस सुमारे १,१०० विटा लागतील. मोडतोड धरून ९,८०० विटांची तरतूद करावी.

देखरेख : काम पुरे झाल्यावर वीट दिसते, पाया दिसत नाही. म्हणून विटा मांडण्यापूर्वीच ग्रामस्थ व संबंधित अधिकारी यांनी पायाची खोली एकत्र मोजून तिची नोंद करावी. पहिल्या पावसानंतर सांध्यांत पुन्हा वाळू भरावी. नळासाठी फरसबंदी उकरल्यास विटा जपून ठेवाव्यात आणि खड्डा थराथराने ठोकून त्याच विटा परत बसवाव्यात. एक सुटलेली वीट वेळीच बसविली तर शेजारच्या दहा विटा वाचतात. गावाने खर्चिलेला पैसा व घाम सार्थकी लागावा, यासाठी एवढी दक्षता प्रत्येकाने घेणे अगत्याचे आहे.