जुन्या भागांतून खेळाचा संगणक

विद्यार्थिमित्रहो, खेळांसाठीं नवा संगणक हवा म्हणून वडिलांजवळ हट्ट धरण्यापूर्वीं घरांतील जुना संगणक एकदां उघडून पाहावा. त्यांतील काय ठेवावें व काय बदलावें हें ज्यास कळलें, त्याचा पुष्कळसा खर्च वांचलाच म्हणून समजावें.

कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड व माउस चालू असतील तर खुशाल ठेवावेत. साटा जोडणी २००३ सालापासून चालत आली असल्यामुळें तिची जुनी हार्ड डिस्क नव्या मदरबोर्डासही बहुधा जोडतां येते. रॅमचें मात्र तसें नाहीं. डीडीआर ३ पट्टीस २४० पिना असतात, डीडीआर ४ पट्टीस २८८. एकीच्या स्लॉटमध्यें दुसरी बसत नाहीं. म्हणून मदरबोर्ड बदलतांना रॅमचाही खर्च आधींच हिशेबांत धरावा.

ग्राफिक्स कार्ड हा खेळाच्या संगणकाचा प्राण होय. पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट त्यास ७५ वॅटपर्यंत वीज पुरवितो. २०१९ सालीं निघालेल्या जीटीएक्स १६५० कार्डाचे कांहीं नमुने तेवढ्यावरच चालतात. अधिक बलवान कार्डास पॉवर सप्लायची स्वतंत्र तार लागते.

येथेंच सावध राहावें. पॉवर सप्लायमधील कपॅसिटर कालांतरानें क्षीण होतात, आणि तो बिघडल्यास इतर भागांसही घेऊन बुडूं शकतो. तो स्वतः कधींही उघडूं नये. वीज बंद केल्यावरही आंत घातक विद्युद्भार उरतो. बाकी सारें जुनें चालेल, पण या एका भागावर हात आखडूं नये. येथें दमडी वांचवूं पाहणारा पुढें रुपया गमावितो.