इंजिन बदललं, दिवा विझेना : उज्जैनात तपासणीला किती खर्च येतो?

इंजिन बदलल्यावर चेक इंजिनचा पिवळा दिवा विझत नसेल किंवा गाडी स्टार्टच होत नसेल, तर बहुतेक ठिकाणी पहिला सल्ला मिळतो तो सेन्सर बदलण्याचा. लगेच होकार देऊ नका. स्कॅनरवरचा कोड गडबड कोणत्या सर्किटमध्ये आहे एवढंच सांगतो, कोणता भाग गेला हे नाही. इंजिन उतरवून चढवताना कितीतरी कप्लर आणि अर्थच्या तारा सुटतात. म्हणून आधी जोडणी तपासायची. तपासणीचे पैसे आधी, सुट्या भागांचे नंतर.

नेहमी दिसणारे कोड

- पी0335 : क्रँक सेन्सरचं सर्किट. गाडी सेल्फ घेते, पण स्टार्ट होत नाही.
- पी0340 : कॅम सेन्सरचं सर्किट.
- पी0016 : क्रँक आणि कॅमचा मेळ नाही. टायमिंग चेन चुकीच्या खुणेवर बसली असू शकते. खात्री होईपर्यंत इंजिन चालवू नका.
- पी0562 : व्होल्टेज कमी. बॅटरी, अल्टरनेटर, अर्थ पाहा.
- यू0100 : ईसीएमशी (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरशी) संपर्क तुटला. फ्यूज, सप्लाय आणि वायरिंग पाहा.

पी1ने सुरू होणारे कोड ज्या त्या कंपनीचे असतात. मोबाइल अ‍ॅप त्यांचा अर्थ चुकीचा दाखवू शकतं, म्हणून तिथे कंपनीचा किंवा त्या दर्जाचा स्कॅनर हवा.

एकमेकांशी संबंध नसलेल्या चार-पाच सेन्सरचे कोड एकदम आले, तर सगळे सेन्सर एकाच वेळी गेले असं समजू नका. सप्लाय किंवा अर्थ सामाईक असते, दोष तिथे शोधा. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावून सेल्फ मारायला सांगा. 0.5 व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थ कच्ची आहे. अर्थची पट्टी काढून रंग-गंज घासून पुन्हा आवळली की पुष्कळदा काम होतं.

इंजिन तेच आहे ना?

इंदूर-उज्जैन-ओंकारेश्वर फेऱ्या करणाऱ्या जुन्या मारुती डिझायर डिझेलच्या मालकांनी हे जरूर पाहावं. फियाटचं 1.3 मल्टिजेट डिझेल इंजिन मारुती, टाटा आणि फियाट या तिघांच्याही गाड्यांत होतं. पण 75 पीएसच्या इंजिनाला साधा टर्बो, तर 90 पीएसच्याला व्हेरिएबल टर्बो. बाहेरून सारखं दिसणारं इंजिन बसेल, पण ईसीएमचा हिशेब जुळणार नाही आणि टर्बो-प्रेशरचे कोड येत राहतील. अनेक कॉमन रेल इंजेक्टरवर कोड छापलेला असतो. तोही ईसीएममध्ये भरावा लागतो. इंजिनासोबत आलेला जुना ईसीएम लावला, तर इमोबिलायझर तुमची चावी ओळखणार नाही.

खर्चाचा अंदाज (रुपयांत)

साध्या हॅचबॅक-सेडानचे हे ढोबळ आकडे आहेत. मॉडेलप्रमाणे कमी-जास्त होतील.

- मोबाइल अ‍ॅपवर कोड वाचायला ब्लूटूथ ओबीडी डोंगल : 500 ते 1,500
- स्थानिक गॅरेजमध्ये स्कॅनर लावणं : 300 ते 800
- कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये तपासणी : 800 ते 2,000
- अर्थची पट्टी, कप्लर दुरुस्ती : 300 ते 1,500
- वायरिंग शोधून दुरुस्ती : 1,500 ते 6,000
- क्रँक किंवा कॅम सेन्सर : 700 ते 3,500
- इंजेक्टर कोडिंग, चावी जुळवणं : 1,500 ते 6,000
- जुना ईसीएम : 6,000 ते 20,000, नवा याच्या दुप्पट-तिप्पट

पक्क्या बिलात मजुरीवर 18 टक्के जीएसटी धरा. प्रोग्रॅमिंगसाठी इंदूरला जायची वेळ आली, तर गाडी टो करून नेण्याआधी फोनवर विचारा : या मॉडेलचं काम होतं का, आणि ईसीएमसोबत चावी व गाडीही लागते का? 55 किलोमीटरचं टोइंग फुकट जायला नको.

मिस्त्रीला काय सांगाल?

“भैया, कोड डिलीट करने से पहले फोटो दे दो,” हे आधी. कोड उडवला की तो आला त्या क्षणाचं तापमान, आरपीएम, लोड ही नोंदही पुसली जाते. सेन्सर बदलायचाच असेल, तर त्याच्या कप्लरवर सप्लाय, अर्थ आणि सिग्नल मोजून दाखवायला सांगा. काढलेला भाग परत घ्या.

कागदपत्रं

आरसीवर इंजिन नंबर असतो. मोटार वाहन कायदा 1988च्या कलम 52नुसार इंजिन बदलल्याची माहिती 14 दिवसांत आरटीओला द्यावी लागते. एमपी-13च्या गाडीचा मालक उज्जैनला राहत असेल तर उज्जैनच्या आरटीओत. त्यासाठी इंजिन खरेदीचं बिल, त्यावर इंजिन नंबर, घेतलंच पाहिजे. विमा कंपनीलाही लेखी कळवा, नाहीतर दाव्याच्या वेळी अडचण येते.

ईसीएम बदलण्याला सगळ्यात शेवटी होकार द्या : अर्थ, सप्लाय, कप्लर आणि टायमिंग तपासल्याचं बिलावर लिहून मिळाल्यानंतरच.