सिमेंट वाचवणारा संगणक
(इयत्ता ४ थी)

शाळेचा स्लॅब, पाण्याची टाकी, ओढ्यावरचा पूल हे सगळं काँक्रीटचं असतं. सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी कालवलं की काँक्रीट होतं. माझे काका गवंडी आहेत. ते म्हणतात, सिमेंट नसेल तर वाळू-खडीचा नुसता ढीग राहील.

सिमेंट कसं तयार होतं? चुनखडी आणि माती भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. त्यासाठी कोळसा जाळतात. त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघतो. शिवाय तापलेल्या चुनखडीतूनही तोच वायू निघतो! हा वायू वाढला की पृथ्वी जास्त तापते. माणसांमुळे हा वायू जेवढा हवेत जातो, त्यातले १०० पैकी ७ ते ८ भाग सिमेंटमुळे जातात.

मग सिमेंट कमी घालायचं का? नुसतं कमी केलं तर स्लॅब कच्चा राहील. माणसांच्या जिवाला धोका होईल. म्हणून थोड्या सिमेंटच्या जागी वीज केंद्रातली कोळशाची राख किंवा लोखंडाच्या भट्टीतली मळी दळून घालतात. पण राख जास्त झाली तर काँक्रीट सुरुवातीला सावकाश घट्ट होतं. शिवाय काँक्रीटची ताकद २८ दिवसांनी तपासतात. एकेक प्रमाण करून बघायचं म्हणजे वर्षं जातील.

इथे संगणक कामाला येतो. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठ आणि फेसबुक चालवणारी मेटा कंपनी यांच्या संशोधकांनी संगणकाला काँक्रीटच्या १०३० नोंदी दिल्या. कशात किती सिमेंट, किती राख, किती पाणी, आणि किती दिवसांनी किती ताकद आली, हे त्यात होतं. आपण पुष्कळ गणितं सोडवली की नवीन गणित जमतं ना? तसा संगणक त्यावरून शिकला आणि त्याने नवीन प्रमाणं सुचवली. याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. त्या मिश्रणांत कार्बन सरासरी ४० टक्के कमी होतो, असं त्यांनी २०२२ साली सांगितलं. डिकॅल्ब या गावी बांधकामात असं काँक्रीट वापरूनही पाहिलं.

पण संगणक फक्त सुचवतो. काँक्रीटचे ठोकळे करून ते यंत्रात फुटेपर्यंत दाबावे लागतात. तेव्हाच खरी ताकद कळते.

पालकांनो, घर बांधताना आपल्या मनाने सिमेंट कमी करू नका. पण वायाही घालवू नका. पोती ओलाव्यापासून जपा, कालवलेला माल लगेच वापरा आणि स्लॅबला रोज पाणी मारा. स्लॅब जास्त वर्षं टिकला तर तेवढं नवीन सिमेंट लागणार नाही.